अप्पांचे नऊशे रुपये

भांडण गणपतीत झालं. तसं ते जुलैपासूनच धुमसत होतं, अप्पा बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हापासून. पण फोन स्पीकरवर टाकून, मखरासमोर बसून आम्ही बहीणभाऊ एकमेकांवर ओरडलो ते गणपतीत. एरवी मी चिंचवडला, दादा न्यू जर्सीत, अप्पा मिरजेच्या घरी एकटे. आईला जाऊन दीड वर्ष झालेलं. माझं म्हणणं, घर विका आणि अप्पांना माझ्याकडे आणूया. दादाचं म्हणणं, चोवीस तासांचा माणूस ठेव, पैसे मी देतो. अप्पा पानावर बसून मोदकाची एकेक कळी मोडत होते. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "पैसे पाठवले की झालं का रे मुलगा असणं?" दादानं फोन ठेवला. पुढचे दहा दिवस त्याचा ना फोन, ना मेसेज.

मध्ये पडली ती वहिनी. तिनं मला लिहिलं, "तुम्ही तिघं मिळून कुणाशी तरी बोला. एकेकटे माझ्याशी बोलू नका, मी थकले." आधी राग आला. मग लक्षात आलं, की मीही नवऱ्याला रोज रात्री तेच ऐकवत होते आणि तोही हल्ली जेवून लगेच झोपायला जायला लागला होता.

मग समुपदेशकाची शोधाशोध दोन्हीकडून झाली. दादानं तिकडे चौकशी केली. एका बाईंनी सेशनचे दोनशे डॉलर सांगितले, त्याच्या विम्याच्या बाहेर. शिवाय त्यांचं लायसन्स न्यू जर्सीचं, त्यामुळे मिरजेत बसलेल्या माणसाला त्या सेशनमध्ये घेणार नाहीत. आणि घेतलं असतं तरी अप्पा इंग्रजीत काय रडणार होते! मी इकडे एका ॲपवर तीन सेशनचं पॅकेज घेऊन मोकळी झाले, दोन हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये. तिघांना तीन ठिकाणांहून जोडायची सोयच तिथे नव्हती. चॅटवरची मुलगी गोड होती, पण माझ्या प्रत्येक वाक्यावर "तुमच्या भावना अगदी व्हॅलिड आहेत" एवढंच म्हणायची. पैसे परत मागितले तर पॅकेज नॉन-रिफंडेबल असल्याचं कळलं. तो धडा तीन हजारांना पडला.

मग मैत्रिणीच्या ओळखीतून मॅडम मिळाल्या. मराठी, क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., स्वतःची ऑनलाइन प्रॅक्टिस. पहिला पंधरा मिनिटांचा फोन फुकट होता. मी तयारीनं बसले होते, दादाचे गुन्हे तारखांसकट. त्यांनी ते थोडं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही मला फोन करताय हे घरात कोणाकोणाला माहीत आहे?" कोणालाच नव्हतं. "मग आधी दोघांना सांगा, आणि ते हो म्हणाले तर आपण सुरू करू. तुमच्या बाजूनं त्यांना आणायचं काम मी करणार नाही." फोन ठेवल्यावर वाटलं, बाई फटकळ आहे.

अप्पा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा पहिला प्रश्न, "शिक्षण काय त्यांचं?" हा प्रश्न मात्र सगळ्यांनीच विचारावा असा आहे. आपल्याकडे समुपदेशकाची पाटी कुणीही लावतो, दोन महिन्यांचा कोर्स केलेलाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि नोंदणी क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. मॅडमनी विचारताक्षणी क्रमांक दिला. अप्पांनी तो वहीत उतरवून घेतला, शेजारच्या पोराला बोलावून साइटवर पडताळला आणि मला फोनवर सांगितलं, "नाव आहे." दाखल्याची शहानिशा झाल्यासारखं.

पैशाचं आता स्पष्टच सांगते. तिघांचं मिळून पंचाहत्तर मिनिटांचं सेशन २,७०० रुपये, एकट्याचं पन्नास मिनिटांचं १,५००. यूपीआयनं, आदल्या दिवशीपर्यंत. चोवीस तासांच्या आत रद्द केलं किंवा आलोच नाही तर पूर्ण फी. माझा मेडिक्लेम आहे, म्हणून मी आशेनं पॉलिसी काढून वाचली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा मिळाला पाहिजे असं लिहिलेलं आहे. पण माझी पॉलिसी दवाखान्यात भरती झालं तर कामाची, आणि तिघांनी तीन स्क्रीनवर बसून भांडणं ही काही भरती नव्हे. म्हणजे खिशातूनच.

कुणाच्या खिशातून, यावर पहिलं सेशन सुरू व्हायच्या आधीच वाजलं. दादा म्हणाला, सगळे मी देतो. मी म्हणाले, बघा, पुन्हा तेच. मॅडमना मी वैतागून लिहिलं, तुम्हीच सांगा कुणी द्यायचे. त्यांचं उत्तर आलं, "हे तिघं मिळून ठरवा. अप्पांनाही विचारा." अप्पांना विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला. "सत्तावीसशे ना? नऊशे मी देईन. पेन्शन येते मला."

सुरुवातीला एक फॉर्म भरून द्यावा लागला. त्यात रेकॉर्डिंग कुणीही करायचं नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून बोलणं बाहेर जाणार नाही, आणि प्रत्येकाच्या जवळ राहणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर. हा नंबर कशाला ते पहिल्याच दिवशी कळलं. सेशनच्या सुरुवातीला मॅडम प्रत्येकाला विचारायच्या, "आज कुठून बोलताय? घरात अजून कोण आहे?" काही बरंवाईट झालं तर स्क्रीनमधून हात घालता येत नाही, तेव्हा कुणाला फोन करायचा ते माहीत हवं. अप्पा ठणकावून म्हणाले, "कोणी नाही, मी एकटाच." आणि त्याच क्षणी मागे कुकरची शिट्टी झाली. स्वयंपाकाच्या मावशी कान देऊन उभ्या होत्या. त्या दिवसापासून रविवारी संध्याकाळी मावशींना सुट्टी. मी स्वतः बहुतेक सेशन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून केली, काचा वर करून. आमच्या दोन खोल्यांत दुसरी जागाच नाही.

पहिल्या सेशनमध्ये अर्धा वेळ आम्ही पंखा बघत होतो. अप्पांचा टॅब तांब्याला टेकवलेला आणि तो घसरत होता. मग कपाळ दिसायला लागलं, मग आवाज घुमायला लागला. मॅडमनी घाई केली नाही. नंतर आम्ही तिघांनीही आपापली फिर्याद मांडली, त्यांच्याकडे बघून, जणू त्या न्यायाधीश. निकाल काही त्यांनी दिला नाही. उलट दादाला विचारलं, "ताई चिडते तेव्हा अप्पा काय करतात, असं तुम्हाला वाटतं?" आणि मला, "दादा फोन ठेवतो त्यानंतरच्या अर्ध्या तासात तो काय करत असेल?" मला काही सांगताच येईना. स्वतःबद्दल विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते. दादानं उत्तर दिलं, "गॅरेजमध्ये जाऊन उभा राहतो." मला आधी वाटलं, हे नाटक. मग आठवलं, लहानपणी अप्पांनी मारलं की तो गोठ्याच्या मागे जाऊन असाच उभा राहायचा.

अप्पा मात्र फारसे बोलत नव्हते. "हं", "बरोबर आहे", "तुम्ही म्हणाल तसं". मॅडमनी दोनदा विचारलं, "अप्पा, मी आत्ता काय म्हणाले?" ते हसले. सेशन संपताना मॅडमनी आम्हाला दोन कामं सांगितली, अप्पांच्या कानांची तपासणी आणि रक्ताची, त्यात बी-१२ आणि थायरॉइड. "मी डॉक्टर नाही, औषध मी देऊ शकत नाही. पण विसरणं, गप्प बसणं, झोप न लागणं याचं कारण आधी शरीरात शोधायचं. ते न बघता त्याला डिप्रेशन म्हणायची घाई नको." मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, तरी दीड वर्षात आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. बी-१२ बरंच कमी निघालं. डाव्या कानानं तर जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. फोन ते कायम डाव्या कानाला लावायचे, कारण उजव्या हातात पेन! म्हणजे गणपतीतलं आमचं भांडण त्यांना किती कळलं असेल देव जाणे.

याच काळात अप्पा एकदा मॅडमना म्हणाले, "हे कुटुंबासकट सल्ला घेणं म्हणजे अमेरिकेचं खूळ आहे." मॅडमनी सांगितलं, की १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर नावाचे डॉक्टर होते, त्यांनी रुग्णांच्या घरच्यांनाच आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं आणि उपचारात सामील करून घेतलं. अप्पांनी तेही वहीत लिहिलं. नंतर तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या सेशनला मॅडमनी स्क्रीनवर आमच्या घराचा नकाशा काढला. वंशावळीसारखाच, पण पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली, आणि मग कोण कुणाशी बोलतं त्याच्या रेघा. "अप्पांशी बोलायचं असेल तर पूर्वी काय करायचात?" मी म्हणाले, आईला फोन. दादा म्हणाला, आईला. अप्पांना विचारलं, मुलांशी बोलायचं असेल तर? "ही सांगायची." रेघा काढून झाल्या तेव्हा सगळ्या त्या फुली मारलेल्या वर्तुळात जाऊन थांबत होत्या. आमच्या तिघांमध्ये आपसात एकही रेघ नव्हती. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखं होतं ते. ऑपरेटर गेली आणि आम्ही तिघं रिसीव्हर कानाला लावून एकमेकांना शिव्या देत होतो, की पलीकडचा बोलत का नाही.

इथपर्यंत मला हे सगळं आवडायला लागलं होतं. मग चौथं सेशन आलं. दिवाळीनंतरचा रविवार. मी दीड वर्ष पोटात ठेवलेलं बोलून टाकलं, की आई आयसीयूत असताना तू आला नाहीस, ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. दादाचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "मला आईनंच सांगितलं होतं येऊ नकोस म्हणून. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत, आता देश सोडलास तर सगळं परत पहिल्यापासून, मी बरी आहे." आणि मला आई म्हणाली होती, "तो निघालाय, येतोच आहे." दोघांना दोन गोष्टी. दादानं स्क्रीन बंद केली आणि गेला.

ऑनलाइनमध्ये उठून जाणं फार सोपं असतं. खुर्ची सरकत नाही, दार वाजत नाही, एक चौकट नाहीशी होते आणि उरलेल्या चौकटी आपोआप मोठ्या होतात. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, की कुणी गेलं तर बाकीचे त्याच्याबद्दल बोलणार नाहीत, थांबतील. आम्ही थांबलो. गाडीच्या घड्याळात मी बघत होते, नऊ मिनिटं. तोंड धुऊन तो परत आला. तेव्हा अप्पा, कानाच्या नव्या मशीनसकट, सावकाश म्हणाले, "मला ठाऊक होतं. तिनं दोघांना काय सांगितलं ते. मी गप्प बसलो." एवढ्यात पंचाहत्तर मिनिटं संपली. वेळ संपला की संपला, हा नियम त्या दिवशी मला क्रूर वाटला. गाडीतून उतरून मी सोसायटीला चार चकरा मारल्या आणि वर जाऊन कुणाशीही न बोलता भांडी घासली.

त्या रात्री मी मॅडमना भलामोठा व्हॉट्सॲप केला, दादाबद्दल, अप्पांबद्दल, पानभर. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, दोन ओळींचं. "हे सेशनमध्ये तिघांसमोर बोलूया. तुम्ही मला लिहिलंत हे मी त्यांच्यापासून लपवणार नाही." लाजच वाटली. मी आता मॅडमचं एक्स्चेंज करायला निघाले होते.

यानंतर जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर मी पोट धरून हसले असते. पाचवं सेशन २ नोव्हेंबरला, नेहमीसारखं आपल्या साडेसातला. मी गाडीत, अप्पा तांब्याऐवजी नव्या स्टँडसमोर, मॅडम हजर. दादा नाही. फोन उचलत नाही. तिघांपैकी एक नसेल तर सेशन होणार नाही असं ठरलेलं, म्हणून वीस मिनिटं थांबून मॅडमनी बंद केलं. मी मनातल्या मनात खटल्याचा निकाल लिहून टाकला, पळाला. साडेआठला दादाचा फोन, "अरे, लिंक चालू का होत नाही?" त्याच पहाटे अमेरिकेची घड्याळं एक तास मागे गेली होती. आपले साडेसात म्हणजे तिकडचे सकाळचे दहा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि त्या दिवसापासून ते झाले होते नऊ. रात्रभर जागून तयारी केली होती म्हणे, काय बोलायचं ते लिहून काढलं होतं.

सत्तावीसशे रुपये मात्र गेले. दादा म्हणाला, चूक माझी, मीच भरतो. मी म्हणणार होते, भर. अप्पांनी ग्रुपवर, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टाइप करून, लिहिलं, "वाटणी सारखीच राहील. नऊशे पाठवले आहेत." खाली स्क्रीनशॉट.

त्या नऊशे रुपयांनी काहीतरी फिरलं, हे मला नंतरच्या सेशनमध्ये दिसत गेलं. जो माणूस "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचा, तो आता मॅडमना थांबवून म्हणायचा, "जरा माझं होऊ द्या." सहाव्या सेशनमध्ये ते म्हणाले, "घर विकायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवताय. घर माझ्या नावावर आहे." मी आणि दादा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, एकाच वेळी गप्प झालो. दादानं मॅडमना विचारलं, "मग तुमचं मत काय, विकावं का?" त्या म्हणाल्या, की मालमत्तेचं वकिलाला विचारा, माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. दादा जरा चिडलाच. एवढे पैसे मोजून उत्तर नाही हे मलाही सुरुवातीला खटकायचं.

सातव्या सेशनला मी मिरजेत होते, अप्पांच्या शेजारी, एकाच स्क्रीनवर. तेव्हा मला दिसलं, जे कॅमेऱ्यात कधीच आलं नव्हतं. सेशनभर अप्पांच्या मांडीवर आईच्या चष्म्याचं घर होतं. जुनं, तपकिरी, एका कडेला रेक्झिन सोललेलं. बोलताना ते अंगठ्यानं त्याचं झाकण उघडत, मिटवत होते. बारीक टक्-टक् आवाज. तो आवाज आम्ही सहा सेशन ऐकत होतो आणि नेटवर्कचा दोष समजत होतो. मी काही बोलले नाही. मॅडमनी विचारलं, "ताई, आज तुमचं लक्ष खाली कुठे आहे?" मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी ते घर उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. दादा खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अप्पा, चष्मा आहे का आत?" "आहे." "नंबर किती होता हो तिचा?" आणि ते दोघं चक्क चष्म्याच्या नंबरवर पाच मिनिटं बोलले, मधे कुणी नसताना.

डिसेंबरच्या मध्यावर आठवं झालं. अप्पांची दोन सेशन मधे एकट्याची झाली, त्यात काय बोललं गेलं ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही विचारलंही नाही. ती त्यांची त्यांनी भरली. हिशेब विचाराल तर आठाचे २१,६०० आणि अप्पांचे ३,०००. ॲपचे बुडाले ते वेगळे. हे सगळ्यांना झेपणारं नाही, याची मला कल्पना आहे. आम्ही तीन वाटे करू शकलो म्हणून जमलं. ज्याला आज रात्रीच कुणाशी तरी बोलायचंय त्याच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग असतो, मिरजेतही सरकारी कॉलेज आहे. तिथे रांग असते, आणि तीन गावांतली तीन माणसं एका वेळी बसवणं अवघड, पण सुरुवात तिथून करता येते. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर ॲपचे तीन हजार तरी वाचले असते.

बदललं काय, असं वहिनीनं विचारलं. घर विकलेलं नाही. चोवीस तासांचा माणूसही ठेवलेला नाही, मावशी आता रात्रीही राहतात आणि बाथरूममध्ये दांडे बसवले. मी अजून चिडते. दादा अजून फोन ठेवतो, पण हल्ली तासाभरानं परत करतो, आणि मला नाही, सरळ अप्पांना. उजव्या कानाला.

तीन महिन्यांनी एक सेशन ठेवलंय, ८ मार्चला. नेमका त्याच दिवशी अमेरिकेतली घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातात. परवा मिरजेला गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचं मार्चचं पान उघडून बघितलं. आठ तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनानं, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "आपले ७.३० = त्याचे १०. आदल्या रात्री फोन करून सांगणे. रु. ९००."